मोठेसाहेबांची खोली

बाबा गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून पाणी घेऊन न्हाणीतून बाहेर आले, तर दारातच आत्या उभी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुह्यं सुतक फिटलं, उजू. आता तुले काही नाही."

लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीन दिवस. माझ्या भावाला, सुधीरला दहा. आईला दहा, काकांना दहा, आणि काकांच्या ज्या नातवाने बाबांना आयुष्यात चार वेळाही पाहिलं नसेल, त्यालाही दहा. रीत मला ठाऊक होती, आत्याच्या मनातही काही वाईट नव्हतं. तरी ते ‘तुले काही नाही’ मला फार लागलं. ओले केस पुसायचंही भान राहिलं नाही.

अंगणात पेरूच्या फांदीला लाल कापडातलं गाठोडं बांधलेलं होतं. आदल्या दिवशी सावडून आणलेल्या अस्थी. त्या घरात आणत नाहीत. दहा वाजता जीप येणार होती आणि सुधीर, काका आणि आणखी चारपाच जण कौंडण्यपूरला जाऊन त्या वर्धा नदीत सोडणार होते. अमरावतीची डिसेंबरातली सकाळ, हाडं गोठवणारी. ओसरीवर बसलेल्या बायका शालीत तोंड खुपसून तेच बोलत होत्या, जे रविवारपासून सगळे बोलत होते. माणूस पुण्यवान. कोणाला त्रास नाही, कोणाची सेवा घेतली नाही, हाकसुद्धा मारली नाही. 

तेवढ्यात केशवकाका मागच्या खोलीतून बाहेर आले. नदीवर लागेल म्हणून बाबांचा पंचा आणायला ते तिथे गेले होते. पंचा हातात तसाच होता आणि चेहरा उतरला होता.

"भाऊचं कासव बी गेलं," ते म्हणाले.

मागची खोली एकेकाळी माझी होती. माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले आणि खोलीत गाद्या, पत्र्याच्या पेट्या असलं सामान साचलं. बाबा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवायचे. ते निवृत्त झाले त्याच वर्षी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची गोंदियाला बदली झाली आणि जाताना तो प्लास्टिकच्या वाडग्यात तळहाताएवढं कासव ठेवून गेला. वाडग्यात एक प्लास्टिकचं नारळाचं झाडही होतं. बाबांनी कासवाच्या पाठीवर अंगठा दाबून पाहिला तर कवच दबलं. त्याला ना ऊन मिळालं होतं, ना पोहायला पाणी. "हे घर नाही, हे वाडगं आहे," बाबा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी माझी खोली रिकामी करायला घेतली.

तिथे त्यांनी चार फुटी काचेची टाकी बसवली. जुन्या कुलरची मोटर काढून बादलीत स्पंज आणि बारीक गिट्टी भरून पाणी गाळायचं यंत्र केलं. कासवाला पाण्यातून वर येऊन अंग शेकता यावं म्हणून शहाबादी फरशीचा उतार केला, खरबरीत बाजू वर, म्हणजे पाय घसरू नयेत. तो उतार तीनदा मोडला. पहिला फार खडा झाला, दुसऱ्यावर दिव्याची धग पोचेना. दिवे दोन, एक उबेचा आणि एक नळी, उन्हात कासवाला जे लागतं ते देणारी. मी एकदा म्हटलं, खिडकीशी ठेवा की, ऊन तर येतंच. त्यावर मला अर्धा तास ऐकावं लागलं, की काचेतून येणारं ऊन कासवाच्या कामाचं नाही, काच त्यातलं नेमकं हवं ते अडवून धरते. पाणी ऊबदार ठेवायला हीटर. आणि हे सगळं एका बोर्डावर, एका मोठ्या बटनावर आणलेलं. आपण कधी गावाला गेलो तर आईला एका बोटात सगळं चालू करता यावं म्हणून.

वर्षभरात कवच टणक झालं. पुढे कासव भाकरीएवढं झालं. सकाळी सातला दिवे लागले तरी ते आपल्या सवडीने नऊपर्यंत फरशीवर येई, म्हणून बाबा त्याला मोठेसाहेब म्हणत. दर सोमवारी आई त्याच्या पाठीवर कुंकू लावायची, कारण घरात चालून आलेलं कासव म्हणजे देव. दर मंगळवारी बाबा ते ओल्या फडक्याने पुसून काढायचे, कारण कवच स्वच्छ असलं पाहिजे. आठ वर्षं हे भांडण चाललं आणि दोघांपैकी कोणीही हरलं नाही. मला फोन केला की बाबा पाण्याचं तापमान सांगायचे. नातवंडांची चौकशी त्यानंतर.

मी काकांच्या मागोमाग खोलीत गेले. दिवे बंद, मोटर बंद. पाण्यावर साय धरल्यासारखा थर आला होता. मोठेसाहेब उताराच्या पायथ्याशी, अर्धे पाण्यात, मान लांब टाकून पडले होते. डोळे मिटलेले. मागचे पाय पाण्यात लोंबत होते.

बायका दारात जमल्या. कोणीतरी हात जोडले. "मालकाच्या मांगं गेलं," आत्या म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मुकं जनावर, पण माया पाहा. सुधीरसुद्धा भिंतीला टेकून रडायला लागला, जो तीन दिवसांत रडला नव्हता. काकांनी ठरवून टाकलं की कासव अस्थींबरोबरच न्यायचं. ज्याचं त्याच्यासंगं.

"वहिनी, तुमाले काय वाटते?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

आई भिंतीशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही. "न्या," ती म्हणाली.

मी बोर्डाकडे पाहिलं. मोठं बटन बंद होतं. "हे कोणी बंद केलं?"

"मी," आई म्हणाली. "सुतकात देवाले दिवा लावत नाहीत."

सगळ्यांनी माना हलवल्या. बरोबरच होतं ते. देवघरातले देव रविवारपासून पारोसे होते, मग हा का नाही? कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. इतरांचं सोडा, मला वाटलं नाही. आठ वर्षं फोनवर ज्या दिव्यांचं पुराण ऐकलं, त्यांच्याच खोलीच्या बंद दारावरून मी तीन दिवस चहाचे कप घेऊन ये-जा करत होते आणि एकदाही मला आठवण झाली नाही. माझी मलाच लाज वाटली.

मी नर्स आहे. माणूस गेलेला आणि न गेलेला मला कळतो. कासवाचं मला काही कळत नव्हतं, पण बाबांचं एक वाक्य आठवत होतं. गारठ्यात हे जनावर मेल्यासारखं पडतं, लोक खड्डा करून पुरतात आणि ते जिवंत असतं.

मी काकांना म्हटलं, "दहापर्यंत वेळ द्या मला."

काका चांगले माणूस. त्यांनी मला जवळ घेतलं, समजावलं, की आता त्याची विटंबना नको. भाऊ असता तर त्यालाही हे पाहवलं नसतं. आत्या म्हणाली, देवाला हात लावू नको, बाप्पा.

"माझं सुतक फिटलंय," मी म्हटलं. "आत्ता तूच म्हणालीस. मी देवाला शिवू शकते."

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

बटन चालू केलं. दिवे लागले, मोटर घरघरली. टाकीतलं पाणी तापायला दिवस लागला असता, म्हणून मी आईचा धुण्याचा टब आणला, त्यात दोन बोटं पाणी घातलं, नवजात बाळाच्या अंघोळीचं पाणी पाहतो तसं कोपर बुडवून पाहिलं. कोमट, त्याहून जास्त नाही. घाई केली तर आतल्या काळजाला झेपत नाही, हेही बाबांचंच. मोठेसाहेबांना दोन्ही हातांनी उचललं. इतके गार होते की माझ्या अंगावर काटा आला. नाकात पाणी जाऊ नये म्हणून हनुवटीखाली नॅपकिनची घडी ठेवली आणि पाच-पाच मिनिटांनी एकेक मग गरम पाणी कडेने सोडत राहिले.

पापणीला बोट लावलं, काही नाही. मागचा पाय हलकेच ओढला, तो ओढला तसा राहिला. सव्वानऊ झाले. दिव्याखाली बसून मला घाम येत होता. मला ते जिवंत हवं होतं, फक्त जिवंत, आणि का हवं होतं ते मी स्वतःला विचारत नव्हते. बाबांना वाचवायला मी इथे नव्हते, हे पुरे होतं.

साडेनऊला दार उघडलं. आई आत आली, दार पुन्हा लोटलं आणि कडी लावली.

"सोड त्याले, उजू."

"अजून थोडा वेळ."

"जाऊ दे म्हणते ना मी."

तिचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही. मी हातातला मग खाली ठेवला. ती दाराला पाठ लावून उभी होती, टबाकडे न पाहता.

"दिवा मी सुतकासाठी नाही बंद केला," ती म्हणाली. "मले माहीत होतं त्याले काय होते ते. तुह्या बाबांनी मले काय कमी वेळा सांगतलं? पाणी गार झालं की पहिले खाणं सोडते, मंग हलणं सोडते. मले सगळं पाठ आहे."

"मग का बंद केलास?"

बाहेर काका कोणाला तरी नारळ घेतला का विचारत होते.

"रविवारी आवाज आला होता," आई म्हणाली.

"कसला आवाज?"

"ह्यांचा. सुधीर येणार होता, मी पोळ्या लाटत होती. हे इकडं आले दिवा लावाले. मंग आवाज आला. शब्द नाही समजले. रोजच बोलत ते ह्याच्यासंगं, उतर, चढ, खा, असं. मले वाटलं तेच चाललं आहे. थोडा वेळ येत राहिला. मंग बंद झाला." तिने पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा काढला. "मी हात धुऊन यायले पाहिजे होतं. मी म्हटलं, पोळ्या होऊ दे."

"किती वेळ?" मी विचारलं. वॉर्डात विचारते तसं विचारलं मी ते. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

"सोळा पोळ्या," आई म्हणाली.

सोळा पोळ्यांना किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. तेवढ्या वेळात काय करता येतं, गोळी कोणती जिभेखाली ठेवतात, इर्विन चौकातल्या दवाखान्यातून गाडी किती मिनिटांत येते, हेही माहीत होतं. एक क्षण मला आईचा असा राग आला की मी तिच्याकडे पाहू शकले नाही. मग मी खोटं बोलले.

"ते लगेचच गेले असतील, आई. आवाज त्याच्या आधीचा असेल."

"तू नर्स आहेस," ती म्हणाली. "माह्याशी खोटं नको बोलू."

मी पाण्यातला मागचा पाय पुन्हा धरला.

"लोक म्हणतात, हाकसुद्धा मारली नाही. मीच सांगतलं तसं सगळ्यायले. डॉक्टरलेही तेच सांगतलं. खरं काय ते ह्या एकट्यालेच ठाऊक. ह्याच्या डोळ्यांपुढं पडले ते. हे जगलं असतं तर मी रोज सकाळी इथं कशी आली असती, सांग तू."

तेव्हा पहिल्यांदा तिने टबात पाहिलं. आणि त्याच वेळी माझ्या अंगठ्याखाली, जिथे मी मागचा पाय धरून ठेवला होता, काहीतरी झालं. पाय आत गेला. तीळभर. पुन्हा गेला, या वेळी बोटभर.

दारावर थाप पडली. "उजू, जीप आली," काकांचा आवाज. "आण बाप्पा त्याले. उशीर होते."

आई माझ्याकडे पाहत होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असणार. "हललं?" तिने विचारलं.

मी नाही म्हणू शकत होते. पाय पुन्हा लोंबकळत सोडून, पंच्यात गुंडाळून काकांच्या हाती द्यायचं, एवढंच. गार नदीत गेल्यावर पुढचं नदीने केलं असतं. आईला रोज सकाळी या खोलीत यावं लागलं नसतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, मी ते लपवत नाही. मला आई जगायला हवी होती.

"हो," मी म्हटलं. "काकांना काय सांगू?"

ती वळली, कडी काढली आणि दार अर्धं उघडून म्हणाली, "जिवंत आहे ते. तुम्ही निघा, भाऊजी."

बाहेर एकच गलबला झाला. काकांनी हात जोडले. देवाची करणी, ते म्हणाले.

"देव नाही ते," आई म्हणाली. "कासव आहे."

ती परत आली, टबापाशी खाली बसली आणि दोन्ही हात पाण्यात घातले. आत्या दारातून घाबरून म्हणाली, वहिनी, तुमाले दहा दिवस सुतक आहे, शिवू नका. आईने वळूनही पाहिलं नाही. "कासवाले कसलं सुतक?" ती म्हणाली, आणि कोपर बुडवून, माझ्याहून नीट, पाणी पाहिलं. "कमी आहे. आणखी एक मग घाल."

जीप गेली. आम्ही दोघी दुपारपर्यंत तिथेच बसून होतो. बाराच्या सुमारास मोठेसाहेबांनी एक डोळा उघडला. आई तेव्हा रडली. मी तिला धरलं, आणि ती पुढे त्या सोळा पोळ्यांबद्दल कधी बोलली नाही. सुधीरला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

तेरवी झाल्यावर कासव नागपूरला न्यायची मी तयारी केली, माझ्या मिस्टरांनी टाकीची मापंही घेतली. आईने नको म्हटलं. ती नऊ वर्षं जगली आणि नऊ वर्षं तिने ते सगळं एकटीने केलं. दर आठवड्याला पाणी बदलायची, कुलरची मोटर उघडून साफ करायची, नळी जळत असली तरी वर्षाने बदलून आणायची, कारण उजेड राहतो आणि गुण जातो. गुडघे गेले होते, तर टाकीशेजारी स्टूल ठेवून घेतलं. सोमवारी कुंकू मात्र पुन्हा लावलं नाही. सकाळी सातला दिवे लावून ती तिथे बसत असे, मोठेसाहेब पाण्यातून वर येईपर्यंत.

शेवटच्या वर्षी, चैत्रात, मी चार दिवस माहेरी गेले होते. आई अंगणात कुरडया वाळत घालत होती. मी मागच्या खोलीत गेले तर साहेब फरशीवर चढायला टाळाटाळ करत होते. मी सहज त्यांना रागे भरू लागले. चला, उठा, किती आळस, बाबा असते तर बघितलं असतं, असं काहीबाही.

मागे धडपडल्यासारखं झालं. आई दारात उभी होती. अनवाणी, पदर खांद्यावरून गळलेला, दोन्ही हात चौकटीला धरलेले. ते गुडघे घेऊन ती अंगणातून धावत आली होती. धाप इतकी लागली होती की तिला बोलता येईना.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

तिने मला पाहिलं. मी नीट उभी आहे ना, ते पाहिलं. मग ती स्टुलावर बसली.

"साहेबांशी बोलत होते मी," मी म्हटलं.

आईने मान हलवली. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नऊ वर्षांत मी तिला या खोलीत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. माझा फोन आला तरी ती बाहेर जाऊन घ्यायची.

"ह्या खोलीत बोलत नको जाऊ, उजू," ती म्हणाली. "इथून आवाज आला की मले यावं लागते."

मग ती उठली आणि राहिलेल्या कुरडया घालायला परत उन्हात गेली.